सैल पिळाची नळी

करंगळी मोडली तेव्हा मिस्त्रीला आधी आवाज ऐकू आला, दुखणं मागाहून आलं. ज्या व्हाइसमध्ये त्याने आयुष्यभर बंदुकीच्या नळ्या आवळल्या, त्याच व्हाइसच्या जबड्यात आज त्याचा डावा हात होता आणि दांडा खाणवाल्याच्या माणसाच्या मुठीत होता. माणूस चांगला धिप्पाड होता, पण काम सावकाश करत होता, जणू रोजंदारीवर आला होता. मिस्त्रीने ओठ दाताखाली धरला. तो ओरडला नाही, कारण वरच्या खोलीत त्याचे वडील, आबा, होते, आणि आबांचे डोळे गेले असले तरी कान शाबूत होते.

"अजून नऊ बोटं आहेत," खाणवाला स्टुलावर बसून म्हणाला. "आणि वर म्हातारा खोकतोय, त्याची दहा. नळी बसवतोस का त्याला खाली आणू?"

"बसवतो," मिस्त्री म्हणाला.

खाणवाल्याच्या रायफलीची नळी झिजली होती आणि त्याला नवी हवी होती. गावात नळी बसवणारं दुसरं दुकान नव्हतं. असतं तरी तो इथेच आला असता. त्याला ज्याला मारायचं होतं तो मिस्त्रीचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि भावाच्याच हातची बंदूक वापरण्यात या माणसाला मजा वाटत होती. अशी माणसं असतात, आणि त्यांना रात्री झोपही छान लागते.

धाकट्याने काय केलं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. खाणीत सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजवायचा असतो. खाणवाल्याच्या पुतण्याने एका दुपारी कंटाळा केला, भोंगा वाजलाच नाही, आणि खाली काम करणारी चार माणसं दगडांखाली गेली. पुतण्या वरून डोकावून म्हणाला, "चारच ना?" तिथेच कामाला असलेल्या धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली पहार त्याने पुतण्याच्या तोंडावर घातली, आणि तो पडल्यावरही घालतच राहिला. शेवटी घरच्यांना ओळख बुटांवरून पटवावी लागली.

कामगारांनी त्याला खाणीपलीकडच्या आपल्या वस्तीत नेऊन ठेवलं. वस्तीला रस्ता एकच, आणि त्यावर माणसं पहारी घेऊन बसलेली. खाणवाल्याने एकदा जीपभर माणसं पाठवून पाहिली. त्यांतल्या दोघांना झोळीत घालून आणावं लागलं आणि जीप तिथेच जळाली. मग खाणवाल्याने खड्ड्याकडे पाहिलं. खाण म्हणजे एक अवाढव्य खड्डा, अलीकडच्या काठावर त्याचा बंगला, पलीकडच्या काठावर वस्ती. आणि धाकटा शहाणा रोज सकाळी त्या काठावर यायचा, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि खाणवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. इतका मोठा आवाज त्याला देवाने कशासाठी दिला होता कोण जाणे.

"मधे वारा असतो," खाणवाला म्हणाला. "हलकी गोळी भरकटते. मी जड गोळी मारणार. तिला लागतो तसा पीळ दे. मला थोडंफार कळतं मिस्त्री, उगाच डोकं चालवू नकोस."

त्याला थोडंफार कळत होतं ते खरंच. बंदुकीच्या नळीला आतून पिळदार खाचा असतात. त्यांतून जाताना गोळीला गिरकी मिळते, आणि ती गिरकी तिला भोवऱ्यासारखी सरळ ठेवते. हलकी, आखूड गोळी थोड्या गिरकीवर भागवते. जड गोळी लांब असते, तिला जास्त गिरकी लागते, म्हणजे नळीचा पीळ घट्ट हवा. सैल पिळाच्या नळीतून जड गोळी सोडली तर ती वाटेत डोलायला लागते, डोलता डोलता आडवी पडते, आणि मग कुठे जाईल ते तिचं तिलाच ठाऊक नसतं.

फळीवर दोन नळ्या होत्या. एकीत दहा इंचांत एक फेरा, दुसरीत चौदा इंचांत एक, म्हणजे ही सैल पिळाची. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. मिस्त्रीने मोडक्या बोटाला फडकं गुंडाळलं, चौदाची नळी उचलली आणि तिच्यावरचा आकडा कानशीने घासून टाकला. लेथवर नळी चढवताना तो मनात एकच गोष्ट घोळवत होता. दुपारच्या उन्हात हवा पातळ असते, जवळच्या अंतरावर ही गोळी जेमतेम सावरेल. सकाळच्या थंड, जड हवेत आणि खड्ड्याएवढ्या अंतरावर ती सावरणार नाही. धाकटा वाचेल.

दुकानामागच्या बोळात, वाळूच्या पोत्यांवर कागद लावून खाणवाल्याने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं हाताच्या तळव्यात मावतील इतकी जवळ पडली. खाणवाला खूष झाला. भोकं किंचित लांबट आहेत, म्हणजे गोळी डोलतेय, हे त्याला दिसलं नाही, मिस्त्रीला दिसलं. तो कागद काढायला पुढे झाला, तशी त्या धिप्पाड माणसाने त्याच्या बरगडीत बंदुकीचा दस्ता घातला. मिस्त्री बोळात गुडघ्यांवर बसला आणि श्वास शोधत राहिला.

"कागद मी ठेवतो," खाणवाला घडी घालत म्हणाला. "यावर आबांचा अंगठा असतो ना तुमच्याकडे?"

असायचा. ती या दुकानाची जुनी रीत होती. बंदूक बाहेर जाण्याआधी आबा कागदावरच्या भोकाच्या कडेने आपली करंगळी फिरवत, आणि मन भरलं तरच खाली शाईचा अंगठा उमटवत. दृष्टी गेल्यावर तर त्यांचं ते बोट आणखीच तिखट झालं होतं.

"आबांची तब्येत बरी नाही," मिस्त्री कसाबसा म्हणाला.

"राहू दे. मला मारायचंय, मिरवायचं नाही."

ते गेले. मिस्त्री वर गेला. आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मागे धाकट्याला पोलिसांनी एकदा नेलं होतं तेव्हाच त्यांना झटका येऊन गेला होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या धक्क्याला माणूस राहणार नाही. म्हणून धाकटा बंदरावर कामाला गेलाय, असं मिस्त्रीने सांगून ठेवलं होतं.

"गोळ्या कसल्या झाडल्या रे?" आबांनी विचारलं.

"एक शिकारी आलाय, त्याची नळी बदलली. आबा, मी जरा बाहेरगावी जाऊन येतो. उद्या येईन."

"बोलताना श्वास का लागतोय तुला?"

"व्हाइसमध्ये बोट सापडलं."

"या वयात?" आबा हसले. "धाकट्याचं सापडलं असतं तर नवल नव्हतं."

दिवस मावळताना मिस्त्री वस्तीत पोचला. धाकटा एका पत्र्याच्या खोलीत खाटेवर पडून विडी ओढत होता. मिस्त्रीने आत गेल्या गेल्या त्याच्या थोबाडीत दिली, उजव्या हाताने, होता नव्हता तेवढा जोर लावून.

"दादा, अरे!" धाकटा गाल चोळत उठला, आणि मग त्याला फडक्यात गुंडाळलेला हात दिसला. त्याचा चेहराच पालटला. त्याने कोपऱ्यातली पहार उचलली. "कुणी केलं? नाव सांग. आत्ता जातो आणि आतडी काढून गळ्यात घालतो त्याच्या."

"तू कुठेही जात नाहीस. मागच्या उतरणीने गाव सोडून जा. तो उद्या बंगल्यावरून गोळी घालणार आहे तुला."

"कशाने?"

मिस्त्रीने सांगितलं. सगळंच सांगून टाकलं, चौदाची नळी, जड गोळी, थंड हवा. पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखं वाटलं त्याला. आणि सांगताना थोडा अभिमानही वाटला, ते नाकारण्यात अर्थ नाही. धाकटा ऐकत गेला आणि शेवटी मांडीवर थाप मारून हसला.

"म्हणजे लागणारच नाही!"

"नशिबाने लागू शकते. जा म्हणतो ना मी."

"दादा, तुझ्या हातचं काम कधी चुकलंय का? चुकवायचं म्हणून तू केलंयस, तर चुकणारच. आणि मी पळालो तर ही माणसं काय समजतील? त्यांची चार गेली, मी एकटा जिवाला भ्यालो म्हणून?"

रात्री मिस्त्री तिथेच खाटेशेजारी आडवा झाला.

सकाळी हवा गार होती आणि वारा अजिबात नव्हता, चुलींचा धूर सरळ वर चढत होता. मिस्त्री उठला तेव्हा धाकटा काठाकडे निघालेला होता. मिस्त्रीने धावत जाऊन त्याला मागून मिठी घातली. धाकट्याने हसत हसत ती सोडवली, लहानपणी कुस्तीत सोडवायचा तशीच.

"बघ आता गंमत," तो म्हणाला. कमरेवर हात ठेवून त्याने बंगल्याकडे तोंड केलं आणि सुरू झाला. "ए खाणवाल्या! ये की बाहेर! पुतण्याला तोंड नाही राहिलं, तुला तरी आहे का?"

बंगल्याच्या गच्चीवर काहीतरी चमकलं. मिस्त्रीने मान खाली घातली आणि कान टवकारले. आडवी पडलेली गोळी फडफडत येते, तो आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता. त्या फडफडीची तो वाट पाहत होता.

फडफड आलीच नाही. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा एक आवाज झाला, आणि धाकट्याची शिवी अर्ध्यावर तुटली. गोळीचा बार त्यानंतर ऐकू आला. धाकटा दोन पावलं मागे सरला, छातीकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे पाहिलं. त्याच्या तोंडातून बोलण्याऐवजी रक्त आलं. मिस्त्रीने त्याला खाली पडता पडता धरलं. पाठीकडून त्याचे दोन्ही हात गरम रक्ताने भरले, मोडकी करंगळी भिजली.

"दादा," धाकटा म्हणाला, "चुकली नाही रे." आणि तो गेला.

मग वस्ती पेटून उठली. माणसं पहारी घेऊन रस्त्याने धावली, बंगल्याचं फाटक त्यांनी गाडीने तोडलं. खाणवाल्याला गच्चीवरून खड्ड्यात फेकलं, आणि त्या धिप्पाड माणसाचे दोन्ही हात कोपरापासून ठेचले. मिस्त्रीला हे मागाहून कळलं, आणि कळून त्याला काहीच वाटलं नाही. तो भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. चौदाच्या नळीतून जड गोळी सरळ गेलीच कशी?

दुपारी चौघांनी धाकट्याला टेम्पोतून दुकानात आणलं आणि लांब बाकावर ठेवलं. मिस्त्रीने त्यांना खुणेनेच बाहेर थांबवलं. आबा खाली येऊन दारापाशी खुर्चीत बसलेले होते, आणि आज कधी नव्हे ते खुशीत होते.

"आलास? ये. काल तू नाकच कापलं असतंस आपलं," ते म्हणाले. "तू गेलास आणि तुझं ते गिऱ्हाईक परत आलं. म्हणालं, तुमच्या मुलावर माझा विश्वास नाही, तुमच्या अंगठ्यावर आहे. मी कागदाला बोट लावलं आणि लाज वाटली रे मला. भोक लांबट! गज घालून पीळ मोजला, तर चौदाची नळी. तिला कुणी जड गोळी देतं का? म्हटलं, पोराचा हात दुखावलाय, चूक झाली, मनावर घेऊ नका. आपली हलक्या गोळ्यांची पेटी काढून दिली. दुर्बीण कशी जुळवायची ते सांगितलं. माझ्यासमोर दोन झाडल्या त्याने, कशी गोल भोकं पडली! म्हटलं, वारा सुटायच्या आत मारा, सकाळीच. रानडुक्कर आहे म्हणे. रोज सकाळी एकाच जागी येऊन उभं राहतं."

मिस्त्रीने बाकाची कड धरली.

"बोलत का नाहीस? आणि हे बाकावर काय ठेवलंयत?" आबा उठले, चाचपडत बाकापाशी आले. हात सदऱ्यावर पडला. "ओलं आहे." बोटं बटणांवरून सरकत गेली आणि त्या जागी थांबली. सवयीने करंगळी भोकाच्या कडेने फिरली.

"गोल आहे," आबा म्हणाले.

मग हात वर गेला. मानेवर, हनुवटीवर. हनुवटीला एक खोक होती, धाकटा लहान असताना याच बाकाच्या कोपऱ्यावर आपटला होता त्याची. आबांचं बोट त्या खोकेवर कितीतरी वेळ राहिलं.

"बंदरावर होता ना हा?"

"नव्हता, आबा. मीच खोटं बोललो. ती नळी मी मुद्दाम लावली होती. गोळी चुकणार होती."

"मला का नाही सांगितलंस?"

"डॉक्टर म्हणाले होते, तुमचं काळीज..."

आबांनी त्याच्या तोंडावर फटका मारला. मग दुसरा, मग तिसरा, दिसत नसल्यामुळे काही कानावर, काही खांद्यावर. मिस्त्रीचा ओठ फुटला. तो हलला नाही. मारून मारून आबांना धाप लागली, तसे ते बाकाच्या कडेने चाचपडत व्हाइसपाशी गेले आणि आपली उजवी करंगळी त्यांनी जबड्यात ठेवली.

"फिरव दांडा," ते म्हणाले.

मिस्त्रीने दांडा धरला. क्षणभर त्याला खरंच फिरवावासा वाटला, इतका राग त्याला त्या बोटाचा आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मग त्याने जबडा सैल केला, आबांचं बोट बाहेर काढलं आणि त्याला लागलेलं धाकट्याचं रक्त आपल्या सदऱ्याने पुसायला लागला.

"गोल होतं रे," आबा म्हणाले, आणि मग त्यांना रडू फुटलं.