सुजयनं केलेली नक्कल

“चलो सुजय, अब तुम हर्षवर्धन हो,” मालिनीबाई म्हणाल्या. “और बाकी सब सुजय. देखो, कैसा लगता है.”

उत्तरेकडच्या अलीगंजच्या हिंदी शाळेतला आठवीचा मूल्यशिक्षणाचा तास. हर्षवर्धन बोलताना अडखळायचा आणि सुजय त्याला त्यावरून रोज छळायचा. पुन्हा असं झालं तर पोराला शाळेतून काढीन, असं हर्षवर्धनच्या वडिलांनी बजावलं होतं. प्रिन्सिपल सुजयलाच घरी बसवायला निघाले होते. मालिनीबाई आड आल्या. सुजय कांचनचा, म्हणजे त्यांच्या मैत्रिणीचा मुलगा. गणपतीत आरतीला झांजा वाजवणारा, आपल्यातला, मराठी! “मी शिकवते त्याला दुसऱ्याच्या जागी उभं राहायला,” असा शब्द त्यांनी देऊन टाकला. जागा बदलण्याचा हा खेळ त्या एका शिबिरात शिकल्या होत्या.

सुजय उठला. खांदे आवळले, नजर फरशीवर लावली. “म-म-मैम, मु-मुझे...”

हुबेहूब! वर्गात हशा पिकला. आणि काय सांगावं, मालिनीबाईही हसल्या. ओठांच्या कोपऱ्यातच, पण हसल्या. हर्षवर्धन तेव्हा वर्गाकडे नाही, त्यांच्याकडे बघत होता.

तास सुटल्यावर सुजय मागोमाग आला. “मावशी, अच्छा किया न?”

“गधड्या, त्याला काय वाटलं असेल?”

“पर आप भी तो हँसी थीं,” तो म्हणाला. उर्मटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळत नव्हतं.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, “अहो, मी हसले हो त्या पोराला.”

विष्णुपंतांनी आमटी वाढून घेतली. “अगं, एवढंसं हसणं कोण बघतं?”

“त्यानं बघितलं ना!” त्यांना स्वतःचा संताप आला होता आणि तो नवऱ्यावर निघत होता.

दुसऱ्या दिवशी हर्षवर्धनचे वडील दाखला न्यायला ऑफिसात येऊन बसले. हर्षवर्धन आपली पुस्तकं गोळा करायला वर्गात आला. मालिनीबाई खडू ठेवून त्याच्या बाकापुढे जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “कल मैं तुम पर हँसी थी. बहुत गलत किया मैंने. मुझे माफ करोगे?”

तो बोलू लागला. पहिलं अक्षर ओठांवर अडलं. मालिनीबाईंनी ते पुरं केलं नाही, नुसत्या थांबल्या. वर्गही थांबला.

“न... न-नहीं, मैम.”

कुणी हसलं नाही.

“ठीक है, बेटा,” त्या म्हणाल्या आणि वाटेतून बाजूला झाल्या.

हर्षवर्धननं दप्तर खांद्याला लावलं. दाराशी बसलेला सुजय उठून उभा राहिला. हर्षवर्धननं त्याच्याकडे पाहिलं नाही.