उभा तक्ता

तिने बटण दाबलं आणि संगणकाच्या पडद्यावर आडवा पसरलेला तक्ता झरझर उभा झाला. शीतगृहाची एकेक खोली एका ओळीत आणि तिच्यापुढे दिवसभराच्या तासांचे रकाने, असं ते लांबलचक प्रकरण रोज सकाळी तिच्याकडे यायचं. कुणी त्याच्या वाटेला जात नसे. तिने मात्र नव्या टूलमध्ये त्याला पार वठणीवर आणलं होतं. आता एका ओळीत एक खोली, एक तास, एक आकडा, बास. रंगीत आलेख आपोआप निघायचे, आणि साहेब तिच्यावर बेहद्द खूश होते.

आकडे अमोनियाचे होते, खोल्या गार ठेवणाऱ्या विषारी वायूचे. हवेत तो किती आहे, हे खोल्यांमधले मीटर तासातासाला नोंदवत. कुठल्या खोलीने धोक्याची रेघ किती वेळा ओलांडली, एवढंच अहवाल सांगायचा. तळघरात तिचा नवरा कामाला होता. आलेखात तळघर कायम हिरवंगार, म्हणजे सुरक्षित. ते पाहिलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

आज सहज म्हणून तिने ओळी मोजल्या, तर त्या कमी भरल्या. मूळ तक्ता उघडला, तेव्हा काही चौकटी कोऱ्या दिसल्या. तक्ता उभा करताना टूल कोऱ्या चौकटी गुपचूप गाळत होतं. एवढंच ना, म्हणत तिने चहाचा घोट घेतला. मीटर अधूनमधून बंद पडत असेल.

मग तिने कोऱ्या चौकटींच्या शेजारी पाहिलं. अलीकडचा आकडा रेघेला टेकलेला, पलीकडचाही. दुसऱ्या दिवसाच्या तक्त्यात तेच, तिसऱ्या दिवसाच्याही तेच. बहुतेक चौकटी तळघराच्या. मीटर बंद पडतच नव्हता. तळघरातल्या त्या जुन्या मीटरला रेघेच्या वरचं मोजताच येत नव्हतं, म्हणून रेघ ओलांडली की तो जागा कोरी सोडायचा. आणि नेमक्या त्याच जागा तिने आपल्या हाताने पुसून टाकल्या होत्या.

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, तो अहवाल मागे घ्या. तळघरात गॅस गळतोय."

"अहो, वरच्यांनी डोक्यावर घेतलाय तो अहवाल. किती गळतोय? आकडा दाखवा."

"आकडाच नाहीये. तेच तर सांगतेय."

साहेबांनी चष्मा काढून शांतपणे पुसला. "नसलेल्या आकड्यावर मी काम थांबवू? उद्या बसू आपण निवांत."

ती हुज्जत घालत बसली नाही. बाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"तळघरात. का गं?"

"वास येतोय?"

"तो कधी नसतो? नाकं मेलीत आमची." तो खाकरला. "अगं, तुझा अहवाल इथे दारावर लावलाय. सगळे म्हणतायत, वहिनींनी सुटका केली."

"कशातून सुटका?"

"त्या हवा खेचणाऱ्या पंख्यांतून. कान किटायचे नुसते, वर विजेचं बिल. आलेखात आम्ही हिरवे, म्हणून आज सकाळपासून बंद केलेत. कसं शांत वाटतंय. तुझा आवाजसुद्धा स्पष्ट येतोय बघ."

"बाहेर ये. सगळ्यांना घेऊन, आत्ताच्या आत्ता."

पलीकडून खोकला ऐकू आला. आधी त्याचा, मग आणखी कुणाचा तरी.