देवराम पेंटरची उभी रेघ

पंकज फॉन्ट बनवतो म्हटलं की जव्हारातली माणसं विचारायची, "ते कॉम्प्युटरमध्ये असतातच की!" जणू ते तिथे आपोआप उगवतात. पंकज हसून सोडून द्यायचा. मुंबईची नोकरी सोडून तो इथे एक खोली घेऊन एकट्यानं काम करत होता. गेलं वर्षभर मात्र गिऱ्हाइकांची कामं मागे सारून त्यानं एकच फॉन्ट धरला होता, बापाच्या अक्षराचा.

बाप म्हणजे मोखाड्याकडचा देवराम पेंटर. तीस वर्षं पाड्यापाड्यांतल्या शाळांच्या भिंती त्यानं रंगवल्या. त्याच्या बांबूच्या शिडीचा एक पाय आखूड होता. त्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, त्याच्या अक्षरांची उभी रेघ जराशी डावीकडे कलायची. लोक लांबूनच म्हणायचे, हा देवरामचा हात. गेल्या वर्षी भातकापणीत त्याला लकवा मारला आणि नेमका तो उजवा हातच गेला. त्याच्या भिंतींवरही एकेक करून नवा रंग चढत होता. बाप आहे तोवर त्याचं अक्षर वाचवायचं आणि त्याच्या पुढ्यात ठेवायचं, एवढंच पंकजला हवं होतं. साखरशेत, वांगणी, जिथे म्हणून जुनी भिंत उरली होती तिथे जाऊन त्यानं फोटो काढले.

आता या धंद्याची रीत अशी, की उभी रेघ एकदाच काढायची आणि तीच प, म, ग, सगळ्यांना जोडायची. कललेली रेघ जोडली की सगळी ओळच लवंडल्यासारखी दिसे, वेलांट्या शेजारच्या अक्षरात घुसत. म्हणून पंकजनं ती थोडी सरळ केली. महिन्याभरानं आणखी थोडी. शहाण्या माणसाला आपण काय करतोय ते कळायला नको? पण रोज तेच पाहणाऱ्या डोळ्यांना ते दिसत नाही.

फॉन्ट पुरा झाला तेव्हा एका मोठ्या कागदावर 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' असं छापून तो घरी गेला आणि ओटीवर बसलेल्या बापापुढे त्यानं तो कागद पसरला.

देवरामनं डाव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरवलं. "बेस हाय. कोनाचा अक्षर?"

"ओळख ना, बा."

तो बराच वेळ पाहत राहिला. "ठान्याचा कोनी पेंटर असल. असा सरल मला जलमात जमला नाय."

"बा, तुझंच आहे हे. तुझ्या भिंतींवरून घेतलंय."

"बापाची टिंगल करतोस?" देवराम अर्ध्या ओठांनी हसला. "वांगनीच्या शालेवर माझा जुना हाय ना, तो पुस नि हा काढ. पोरांना चांगला शिकाया मिलल."

तो रागावला असता तरी बरं झालं असतं. पंकजला हंबरडा फोडावासा वाटला. जे वाचवायला निघालो ते आपणच पुसलं, तेही इतक्या मायेनं, हे त्याला आता कळलं होतं.

"पेन्सिल दे," देवराम म्हणाला. "गिरवून बघतो."

डाव्या मुठीत पेन्सिल धरून, छापील 'शाळा'वर वाकून तो गिरवू लागला. तीस वर्षं भिंती लिहिलेला माणूस पहिलीतल्या पोरासारखा जीभ दातांत धरून बसला. रेघ घसरली. त्यानं मान वर करून पंकजकडे पाहिलं.

"चुकला," तो ओशाळून म्हणाला. "रबर हाय का?"