ट्राय बॉल

स्पोर्ट्सच्या व्हिडिओ गेमच्या बाबतीत निशांतशी वाद घालायला महापेच्या ऑफिसात कुणी धजायचं नाही. त्याचं म्हणणं एकच: फुटबॉल असो की क्रिकेट, भारी ग्राफिक्स नसतील तर तो गेम कसला, पोरखेळ! दरवर्षी नुसत्या जर्सी बदलून तोच गेम गळ्यात मारतात, हे त्यालाही मान्य होतं. पण नव्या कन्सोलवर कपाळावरचा घाम दिसतो की नाही? मग झालं तर.

"घाम दिसतो रे, पण दमतो का कोण?" त्याचा मोठा भाऊ अभय म्हणायचा. अभयचा जीव जुन्या कन्सोलवर, जिथे खेळाडूंची तोंडं म्हणजे चार चौकोन. सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये दोघं यावरून तासन्‌तास भांडत. दोन वर्षांपूर्वी अभय डेंग्यूने गेला, आणि भांडण तसंच राहिलं.

यंदा निशांतने ते जिंकायचं ठरवलं. नव्या क्रिकेट गेममध्ये फोटो घालून खेळाडू बनवता येतो. आठ दिवस खपून त्याने दादा बनवला. हनुवटीवरचा तीळ, डाव्या भुवईतली खोक, सगळं जिथल्या तिथे. खरं तर त्याला जिंकायचं नव्हतंच. दादा एकदा समोर बघायचा होता, आईला दाखवायचा होता.

रविवारी जेवणं झाल्यावर त्याने आईला टीव्हीसमोर बोलावलं. तिने निरखून पाहिलं.

"छान आहे. कोण हा? नवीन आलाय का टीममध्ये?"

निशांतने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तर त्यालाही तो ओळखीचा वाटेना. तीळ दादाचा होता, माणूस भलताच.

आई भांडी आवरायला आत गेली. निशांतने चिडून माळ्यावरचा जुना कन्सोल काढून जोडला. त्यात दादाने स्वतःच्या नावाचा एक प्लेयर कधीच करून ठेवला होता, चौकोनी तोंडाचा. निशांतने बॉलिंग घेतली आणि त्याची बॅटिंग कॉम्प्युटरवर सोडली.

पहिला बॉल टाकला. पडद्यावरच्या दादाने बॅट वर उचलली आणि बॉल सोडून दिला.

निशांत पुढचा बॉल टाकायचा थांबला. या गेममधला कॉम्प्युटर बॉल सोडतच नाही, दिसेल त्याला बॅट फिरवतो. यावरूनच तर त्याने दादाची वर्षानुवर्षं टर उडवली होती. पहिला बॉल सोडायचा तो दादा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळताना पहिला बॉल ट्रायचा, त्यावर आऊट देत नाहीत. ती सवय त्याने कन्सोलवरही आणली होती, आणि बोल्ड झाला की घर डोक्यावर घ्यायचा.

"ट्राय बॉल होता ना तो?"

दारात आई उभी होती, हातात ओलं पातेलं. ती पुढे येऊन फरशीवरच बसली.

"आता खरा टाकशील," ती हळूच म्हणाली. "त्याला आऊट नको हं करूस."

निशांतने बॉल मुद्दाम लांब टाकला. वाइड. मग आणखी एक. वाइड ओव्हरमध्ये मोजत नाहीत, त्यामुळे ओव्हर संपेना, आणि पडद्यावरचा तो दर वेळी बॅट आपटून पुन्हा तयार व्हायचा. आई गालातल्या गालात हसत होती. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती.

चाळिसाव्या वाइडनंतर निशांतला खरी भीती वाटली, आणि ती पडद्यावरच्याची नव्हती; आई आता इथून उठणारच नाही, याची होती. आईला 'पुरे' म्हणायचं त्याचं धाडस होईना.

"टाक की," आई म्हणाली. "वाट बघतोय तो."