बाहत्तर चित्रांचा डोंगर

मित्रांनो, तेलगावच्या धोंडीरामांच्या घरातला मी एक जुना लॅपटॉप आहे. हसू नका! माझाही एक जमाना होता.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. तेजश्रीने मला बीडच्या दुकानातून आणलं तेव्हा मात्र सेकंडहँड झालो होतो. धोंडीरामांची ही लेक कॉलेजात संख्याशास्त्र शिकायची. 'आर' नावाच्या संगणकाच्या भाषेत ती मला आकडे सांगायची, मी चित्रं काढायचो. काय दिवस होते ते!

त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली. "अळी अर्जुनाच्या रानातूनच आली," म्हणत धोंडीरामांनी शेजारच्या अर्जुनरावांशी बोलणं टाकलं. एकमेकांच्या रानात राबायची वीस वर्षांची सावड मोडली. तेजश्रीला फार वाईट वाटलं.

तिने दोन्ही रानांत अळीचे पतंग धरायचे सापळे लावले होते. त्यांतले आकडे तिने मला दिले. जिथे पतंग जास्त, तिथे उंची जास्त. मी डोंगर काढला, तर शिखर दिसलं मागच्या बाजूला, अर्जुनरावांच्या रानात!

"म्हनलो न्हवतो का मी?" धोंडीराम गरजले.

"दादा, थांबा," तेजश्री वडिलांना म्हणाली. "असं म्होरलं कुठलं, मागलं कुठलं, कळंना. फिरवून बघू."

फिरवणं काय सोपं असतं? जरा जरा वळवून बाहत्तर चित्रं काढायची, मग ती एकामागून एक पळवायची. माझा पंखा घरघरला, बूड तव्यासारखं तापलं. तेजश्री पुठ्ठ्याने वारा घालत होती. मी हट्टाने सगळी चित्रं काढली.

डोंगर फिरला. मागे वाटणारं शिखर खरं तर पुढे होतं, धोंडीरामांच्याच रानात.

"अगं बाई, तिथं तर आपली पऱ्हाट्यांची गंजी हाय!" तेजश्रीची आई छबुबाई म्हणाली. गेल्या वर्षीच्या कपाशीच्या त्या वाळक्या काड्या चुलीसाठी रचलेल्या. त्यांच्या बोंडांतच अळी दडली होती.

"पुन्यांदा फिरव," धोंडीराम म्हणाले. तीनदा बघितलं. मग मला काखेत मारून ते थेट अर्जुनरावांच्या दारात गेले.

"अर्जुना, चूक माझी हाय. बघ ह्याच्यात."

"आधी च्या घे बे. ते मग बघू."

मला कुणी उघडलंच नाही. राग आला का? लई आला! पण दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गंजी उपसत होते.

आता तेजश्री नोकरीला पुण्यात असते, तिच्याकडे नवा लॅपटॉप आहे. मी गोधड्यांखाली पडलोय आणि घरात भंगारवाल्याची बोलणी चाललीत. मित्रांनो, जुनं यंत्र टाकण्याआधी एकदा चालू करून बघा. त्याच्या पोटात तुमच्या घरचं एखादं मिटलेलं भांडण असेल.