जिभेखालची गोळी

माझा धाकटा भाऊ तुरुंगाच्या फाटकातून बाहेर आला आणि माझ्याआधी त्याचा मेकॅनिक दोस्तच पुढे धावला. स्कूटर चालूच होती त्याची. म्हणाला, "ताई, मी सोडतो याला घरी."

"तू आपली वाट धर," मी म्हटलं. तरी मेल्याने जाता जाता धाकट्याला मिठी मारलीच. त्या मिठीत काय दिलं-घेतलं, देव जाणे.

पकडला जाण्याआधी धाकट्याचा उपचार छान चालला होता. नशा सुटावी म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातली सिस्टर रोज समोर बसवून जिभेखाली गोळी ठेवायची. तुरुंगात ती बंद झाली. तिथल्या डॉक्टरांचं एकच पालुपद, "इथे नशेवर नशा मिळत नाही." शेजारच्या कैद्याला रक्तदाबाची गोळी मात्र वेळच्या वेळी. भेटीला गेले की धाकटा हसून सांगायचा, "ताई, इथे तापाची गोळी घेतली तरी आ करून जीभ उचलून दाखवायची. फुकटात दात तपासून होतात."

पोरगं आत राहून सुधारलं म्हणून आई खूश होती. माझी झोप उडाली होती. सिस्टरने मला बजावलं होतं, शरीराची सवय मोडली आहे, आता जुन्याच मापाने गर्दची पूड ओढली तर जीव जाईल. आमच्या गल्लीतल्या टेलरचा मुलगा सुटला त्याच दिवशी असा गेला.

केंद्र त्या दिवशी दुपारी बंद होणार होतं, ते थेट सोमवारी उघडणार; त्याआधी गोळी पुन्हा सुरू करायला मी त्याला थेट तिकडेच नेलं. बसमध्ये धाकटा सारखा खिसा चाचपत होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं. केंद्रात पाय ठेवताच तो संडासात शिरला आणि आतून कडी लावली.

सिस्टर घड्याळाकडे बघत होती. मी दार ठोठावलं. मग दोन्ही मुठींनी दार बडवलं, तेव्हा आत पाणी सोडल्याचा आवाज आला आणि कडी निघाली.

"टाकलं, ताई. पाण्यात सोडलं सगळं."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग न सांगता खिसे उलटे केले, तळहात पुढे धरले, आ केला आणि जीभ उचलली.

मी मान फिरवायला हवी होती. बहीण आहे मी त्याची, शिपाई नाही. पण मी वाकले आणि नीट पाहिलं.

मग म्हटलं, "चल, सिस्टर थांबलीय."