फॉरवर्डेड अँड रेकमेंडेड

“एवरु टाइप चेशारु?”

साहेबांचा आवाज पार्टिशनच्या वरून आला. हे कोणी टाइप केलं, एवढं तेलुगू आशाला कळत होतं. तिची बोटं टाइपरायटरवर तशीच थांबली. आदिलाबादहून, जिल्ह्याच्या ऑफिसातून या शिक्षण कचेरीत आलेला लिफाफा सकाळी तिनंच फोडला होता. शाळेत पाणी भरणाऱ्या भागाबाईच्या अर्जावर शिफारस कशाच्या आधारावर केली, लेखी खुलासा करा, असं पत्र होतं.

हेडक्लार्क अमृतराव बाहेर आले आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

“काऊन केलं बाई असं? म्या तं नुसतं फॉरवर्डेड सांगतलं होतं.”

आशानं मागच्या दाराकडे पाहिलं. मागच्या रेकॉर्डच्या खोलीत साडीच्या झोळीत तिची आठ महिन्यांची पोर निजली होती. तिनं आता उठू नये, एवढंच तिला वाटत होतं.

ऑफिसचे असले इंग्रजी शब्द अमृतरावांनीच तिला शिकवले होते. दोन वर्षांपूर्वी, सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरीवर ती इथं लागली तेव्हा तिला इंग्रजी अक्षरं यायची, पण शब्दांचं वजन कळत नव्हतं.

“हे पाहा,” पानाची पिचकारी टाकून येत ते सांगायचे, “फॉरवर्डेड म्हंजे कागद नुसता पुढं ढकलला. जगला वाचला त्याचं नशीब. रेकमेंडेड म्हंजे आपन त्याले खांदा देल्ला. फॅसिलिटेट म्हंजे वाटेतले गोटे उचलले. अन् एक्स्पीडाइट म्हंजे बैलाले मांगून तुतारीचा खिळा टोचला.”

“अन् प्रमोट?”

“ते आपल्या नशिबी नाई. ते टाइप कराले शिका फक्त.”

ती हसली होती. पण एका जुन्या वहीत तिनं सगळे शब्द उतरवून घेतले. चुकायची भीती वाटायची. एक चूक झाली की पुढची ऑर्डर नाही, आणि नवरा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत काम शोधत फिरत होता.

भागाबाई अकरा वर्षं शाळेत पाणी भरत होती. कायम करा म्हणून तिनं तीनदा अर्ज दिला, आणि तिन्ही वेळा तो फॉरवर्डेड होऊन गेला. चौथा अर्ज घेऊन ती आली त्या दिवशी आशाची पोर तापानं किरकिरत होती. भागाबाईनं न विचारता तिला उचललं आणि ओल्या पदरानं तिचं कपाळ पुसत दुपारभर व्हरांड्यात फेऱ्या घातल्या.

“बाई, माया कागद वर जाऊन बसते का चालते वं?” जाताना तिनं विचारलं होतं.

आदिलाबादची बस सुटायला दहा मिनिटं होती. टपालाच्या गठ्ठ्यावर साहेब न वाचताच सही करायचे. आशानं फॉरवर्डेडच्या पुढं आणखी दोन शब्द टाइप केले. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

“ऐका,” अमृतराव आता आवाज उतरवून म्हणाले. “टायपिंग मिस्टेक झाली म्हनून दोन ओळी लिहून द्या. अर्ज वापस येते, तुमची नोकरी राह्यते.”

“अन् नाई लिहून देल्लं तं?”

“तं साहेबाले म्हनाव लागते का शिफारस मायीच हाय. न वाचता सई केली असं तं ते म्हनत नाई. मंग अर्ज तसाच वर चालला जाते. पन तुमची ऑर्डर एकतीसले खतम होते, नवी साहेब देत नाई. पोरीकडं पाहा जरा.”

त्यांनी कोरा कागद तिच्यासमोर ठेवला. आशानं तो टाइपरायटरमध्ये चढवला. आत पोर उठून रडू लागली, तसं आशाचं ब्लाऊज दुधानं भिजलं. एका बोटानं तिनं तारीख उमटवली. पुढचं अक्षर कुठं आहे तेच सापडेना. डोळ्यांपुढं अकरा वर्षांच्या घागरी नव्हत्या, न्याय नव्हता. फक्त एक ओला पदर होता, आणि घरातल्या रिकाम्या पिठाच्या डब्याचा आवाज.

तिनं कागद ओढून काढला.

“मायी चूक नाई झाली, अमृतराव.” आवाज इतका बारीक निघाला की तिला तो पुन्हा सांगावा लागला. “पोरीले घेऊन येतो.”

संध्याकाळी साहेबांनी तिच्याकडे न बघता खुलासा सांगितला. शिफारस विचारपूर्वक केली आहे. टाइप तिनंच केला, एकही खाडाखोड न करता.

एकतीस तारखेला साहेब दौऱ्यावर गेले होते. भागाबाईच्या अर्जाचं अजून काही कळलं नव्हतं, आशाची नवी ऑर्डरही निघाली नव्हती. अमृतरावांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं. नोकरीतून गेलेल्या माणसाच्या नावापुढं महिनाअखेरीला लाल रेघ मारायची असते. त्यांनी पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं.

“तुमीच मारा, बाई,” ते म्हणाले. “माया हातानं वाकडी होईन.”

आशानं पोरीला एका कडेवर घट्ट धरलं, कोपरानं पट्टी दाबली आणि आपल्या नावापुढं रेघ ओढली. पोर पट्टीकडे हात टाकत होती. तरी रेघ सरळ आली.